आधी ठिकाण सांगावे: नाशिकमध्ये पोलिसांना आणि शहरातील यंत्रणांना केव्हा व कसे कळवावे

तीन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री, दीडच्या सुमारास, आमच्या समोरच्या बंद बंगल्याच्या मागच्या बाजूला टॉर्चचा उजेड हलताना मला दिसला. बंगल्यातले कुटुंब गावी गेले होते आणि किल्ली आमच्याकडे होती, म्हणजे तेथे कोणी असण्याचे कारणच नव्हते. मी ११२ क्रमांक फिरवला आणि एका दमात सांगून टाकले, “समोरच्या बंगल्यात चोर शिरलेत, ताबडतोब गाडी पाठवा.” पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारले, “सर, जिल्हा कोणता? शहर की ग्रामीण?” मी म्हणालो, “अहो, इंदिरानगर!” तिने पुन्हा तोच प्रश्न केला. माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि जो पत्ता मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिला असेल तो त्या क्षणी मला धड सांगता येईना. अखेर पत्नीने टेबलावरचे वीजबिल माझ्या हातात दिले आणि मी त्यावरचा पत्ता वाचून दाखवला. पोलीस आले तेव्हा मागच्या खिडकीचा एक गज वाकवलेला होता, पण आत कोणी शिरले नव्हते. गाडीच्या आवाजाने ते पळाले असावेत.

ती मुलगी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारत होती, हे मला नंतर समजले. महाराष्ट्रातील ११२ चे मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे येथे आणि दुसरे नागपुरात आहे. कॉल तेथे घेतला जातो, माहिती नोंदवली जाते, ती आपल्या शहराच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तेथून जवळच्या पोलीस वाहनाला सूचना मिळते. इंदिरानगर नावाची वस्ती राज्यातल्या अनेक शहरांत असल्यामुळे दूरवर बसलेल्या माणसाला नुसत्या त्या नावावरून काहीच उमगणार नाही. आपल्या ‘मायको सर्कलपाशी’ किंवा ‘द्वारकेजवळ’ या खुणा नाशिककराला पुरेशा असतात, पण कॉल घेणाऱ्याला नसतात. तेव्हापासून सोसायटीचा सचिव या नात्याने मी हा विषय समजून घेत आलो आहे, आणि जे कळले ते येथे क्रमाने मांडतो आहे.

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा

कोणाला फोन करावा हे ठरवण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी: प्रसंग आत्ता चालू आहे की होऊन गेला आहे? कोणाच्या जिवाला, शरीराला किंवा मालमत्तेला या क्षणी धोका असेल, गुन्हा करणारा माणूस अजून तेथेच किंवा आसपास असेल, तर थेट ११२ लावावा. भांडण हातघाईवर आले आहे, कोणी कोणाचा पाठलाग करतो आहे, अपघातात माणूस रस्त्यावर पडला आहे, बंद घरात हालचाल दिसते आहे, लहान मूल दिसेनासे झाले आहे, हे सगळे चालू प्रसंग आहेत. काल रात्री दुचाकी चोरीला गेली, परवा बाजारात पाकीट गेले, शेजाऱ्याने धमकीचा संदेश पाठवला, हे प्रसंग होऊन गेलेले आहेत. त्यासाठी पोलीस ठाण्यात जावे किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आणि ज्यात गुन्हाच नाही, म्हणजे चेंबर तुंबले आहे, पथदिवा बंद आहे, नळाला गढूळ पाणी येते आहे, त्यासाठी महापालिका आहे.

शंका असेल तर ११२ लावावा, असेच मी म्हणेन. खऱ्या भावनेने केलेला फोन चुकीचा ठरला तरी त्यात गुन्हा नाही. गुन्हा होतो तो खोटी माहिती जाणूनबुजून दिल्यास. घरातल्या मुलाने खेळताना चुकून ११२ दाबला तर घाबरून फोन कापू नये, “चुकून लागला, सगळे ठीक आहे” एवढे सांगावे. फोन मध्येच तुटला तर काही विपरीत घडले की काय, ही काळजी पलीकडच्या माणसाला घ्यावीच लागते. जुना १०० क्रमांक बहुतेकांच्या ओठावर आहे. तो लावल्यास कॉल ११२ कडेच वळतो, पण घरातल्या मुलांना आणि ज्येष्ठांना आता ११२ च शिकवावा.

येथे एका गोष्टीबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण अशा वेळी आपण सर्वांत जास्त गप्प बसतो. शेजारच्या घरातून बाईच्या किंवा मुलाच्या किंकाळ्या ऐकू येतात आणि आपण ‘त्यांचा घरगुती मामला’ म्हणून दार लावून घेतो. मारहाण चालू असताना तो कोणाचाही खासगी मामला राहत नाही. ११२ लावावा आणि “अमुक मजल्यावरून मारहाणीचे आवाज येत आहेत” एवढे सांगावे. आपले नाव समोरच्या कुटुंबाला सांगू नये, अशी विनंती करता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार पीडित स्त्रीखेरीज दुसरी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते, आणि सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. महिलांसाठी १८१ व १०९१, बालकांसाठी १०९८ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ या हेल्पलाइन आहेत. धोका त्या क्षणी चालू असेल तर मात्र ११२ च आधी.

फोनवर काय बोलावे

पहिले वाक्य ठिकाणाचे असावे: “नाशिक शहरातून बोलतो आहे, इंदिरानगर, अमुक सोसायटी, अमुक शाळेसमोर.” दुसरे वाक्य घटनेचे: “दोन माणसे बंद बंगल्याची खिडकी तोडत आहेत.” फोन एवढ्यावर तुटला तरी गाडी निघू शकते. बाकीचे सारे तपशील त्यानंतर द्यावेत: किती माणसे आहेत, कोणाच्या हातात काही आहे का, कोणी जखमी आहे का, गाडी असल्यास तिचा रंग व क्रमांकाचे जेवढे आकडे दिसले तेवढे, ती कोणत्या दिशेने गेली. जे स्वतः पाहिले ते आणि जे दुसऱ्याने सांगितले ते वेगळे ठेवून सांगावे. आपण ज्या फोनवरून बोललो तो चालू ठेवावा, कारण पोलीस वाहनातील कर्मचारी वाट सापडत नसल्यास त्याच क्रमांकावर फोन करतात. शक्य असेल आणि धोका नसेल, तर एकाने कोपऱ्यावर जाऊन उभे राहावे. आपल्या कॉलनीतल्या आतल्या गल्ल्या रात्री बाहेरच्या माणसाला सहसा सापडत नाहीत.

आपण अनोळखी भागात असू तर पत्ता कोठून आणायचा? जवळच्या दुकानाची पाटी वाचावी. तिच्यावर बहुधा परिसराचे नाव आणि बऱ्याचदा पूर्ण पत्ता असतो. मंदिर ही खूण म्हणून फसवी आहे, कारण हनुमान मंदिर किंवा साईबाबा मंदिर नाही असा नाशिकमधला भाग दाखवणे कठीण आहे. बँकेची शाखा, शाळा, पेट्रोल पंप, रुग्णालय या खुणा अधिक बिनचूक ठरतात. रस्त्याचे नाव सांगतानाही जपावे. ‘गंगापूर’ म्हणजे गंगापूर रोड, गंगापूर गाव की गंगापूर धरण, आणि ‘नाशिक’ म्हणजे नाशिकरोड की जुने नाशिक, हे स्पष्ट करावे.

त्या रात्रीनंतर आम्ही दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या कपाटाच्या वर, पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद चिकटवला. त्यावर ठळक अक्षरांत पाच ओळी आहेत: नाशिक शहर. घराचा पूर्ण पत्ता व पिनकोड. ओळखीची खूण. आपले पोलीस ठाणे. घरातल्या दोघांचे मोबाइल क्रमांक. आता सोसायटीच्या सगळ्या घरांत तसा कागद आहे. कामाला येणाऱ्या मावशी, घरी एकटे असलेले आजोबा, शाळेतून आलेली मुलगी, कोणालाही त्या कागदावरून वाचून पत्ता सांगता येतो.

इतर क्रमांक आणि त्यांचे काम

आगीसाठी १०१. नाशिक अग्निशमन दलाचे मुख्यालय शिंगाडा तलाव येथे आहे. झाड कोसळून रस्ता अडला किंवा कोणी पाण्यात, विहिरीत पडले तरी हेच दल येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि गरोदर माता व नवजात बालकांसाठी १०२. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून गळती होत असेल तर १९०६. पाइपमधून येणाऱ्या गॅसचा आपत्कालीन क्रमांक आपल्या बिलावर छापलेला असतो, तो आधीच उतरवून ठेवावा. विजेची तार तुटून पडली असेल किंवा रोहित्रातून ठिणग्या उडत असतील तर महावितरणचा १९१२. तार तुटलेली असताना तिच्यापासून दूर राहून लोकांना अडवणे एवढेच आपले काम आहे, काठीनेसुद्धा ती हलवू नये. राष्ट्रीय महामार्गावर वाहन बंद पडले किंवा अपघात झाला तर १०३३, रेल्वेत काही घडले तर १३९. यांपैकी कोणताही क्रमांक लागत नसेल तर वेळ न दवडता ११२ वर सांगावे.

अपघाताच्या बाबतीत एक भीती अजून लोकांच्या मनातून जात नाही, ती म्हणजे ‘मदत केली तर पोलीस आणि कोर्टाचे लचांड मागे लागेल’. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ घातले गेले. त्यानुसार जखमीला सद्‌भावनेने मदत करणाऱ्या माणसावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, आणि त्याला स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही, हे त्याने ठरवायचे. द्वारका चौकात किंवा महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर कोणी पडलेले दिसले तर व्हिडिओ काढण्याआधी १०८ लावावा, हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

हद्द: कोणत्या दारात जायचे

नाशिकमध्ये दोन वेगवेगळी पोलीस दले आहेत. शहरासाठी पोलीस आयुक्तालय आहे आणि त्याखाली भद्रकाली, सरकारवाडा, पंचवटी, गंगापूर, म्हसरूळ, आडगाव, मुंबई नाका, इंदिरानगर, अंबड, सातपूर, उपनगर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प अशी पोलीस ठाणी येतात. शहराबाहेरचा जिल्हा ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे आहे. त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेल्यावर तेथे पाकीट मारले गेले तर ते प्रकरण ग्रामीण पोलिसांचे. नाशिकरोड स्थानकावर किंवा धावत्या गाडीत चोरी झाली तर ते लोहमार्ग पोलिसांचे. सायबर गुन्ह्यांसाठी शहराचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे.

हद्दीचे हे भान असावे, म्हणजे हेलपाटा वाचतो. पण दखलपात्र गुन्ह्यासाठी, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास करू शकतात अशा गुन्ह्यासाठी, चुकीच्या ठाण्यात गेलो म्हणून हात हलवत परत येण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्याने त्याची खबर नोंदवली पाहिजे. त्यालाच शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात. पुढे ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर

ठाण्यात शिरल्यावर समोर जे अधिकारी किंवा हवालदार नोंदवहीपाशी बसलेले असतात ते ठाणे अंमलदार. आपले काम त्यांच्यापासून सुरू होते. जाण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर घटना तारीखवार आणि वेळेनुसार लिहून न्यावी: कधी, कोठे, काय झाले, कोणी पाहिले, काय गेले आणि त्याची अंदाजे किंमत काय. राग, जुने वैर, ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ ही वाक्ये त्यातून काढून टाकावीत. ओळखपत्र, वाहनाची कागदपत्रे, वस्तूची पावती, फोटो, संदेशांचे स्क्रीनशॉट यांच्या दोन प्रती सोबत ठेवाव्यात. एखादा समंजस माणूस बरोबर न्यावा. दहा जणांचा घोळका नेऊ नये.

दखलपात्र आणि अदखलपात्र हा फरक येथेच समजून घेतला पाहिजे. चोरी, घरफोडी, गंभीर मारहाण, विनयभंग, फसवणूक हे बहुतेक वेळा दखलपात्र गुन्हे असतात. यात पोलीस न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास करू शकतात आणि एफआयआर नोंदवली जाते. किरकोळ मारहाण, शिवीगाळ, साधी धमकी अशा बहुतेक तक्रारी अदखलपात्र ठरतात. त्यांची नोंद होते, तिला सगळे ‘एनसी’ म्हणतात, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. ‘एनसी घेतली आणि पुढे काहीच केले नाही’ ही तक्रार मी वारंवार ऐकतो. त्यामागे बहुतेक वेळा कायद्याची ही मर्यादा असते. तरीही एनसी वाया जात नाही, कारण तोच माणूस पुढे पुन्हा त्रास देऊ लागला तर आधीची नोंद आपल्या बाजूने उभी राहते.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दिला. नव्या संहितेने त्यात एक भर घातली आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, प्रथमदर्शनी प्रकरण आहे का हे पाहण्यासाठी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून “चौकशी चालू आहे” असे उत्तर मिळाले तर ती कोणाच्या परवानगीने व कोणत्या तारखेला सुरू झाली, हे नम्रपणे विचारून लिहून घ्यावे.

फिर्याद लिहून झाल्यावर ती आपल्याला वाचून दाखवली जाते. येथे घाई करू नये. रक्कम, तारीख, वेळ, नावांची अक्षरे आणि वाहनाचा क्रमांक ओळीओळीने तपासावा, चूक असेल तर सहीपूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. मोबाइल कोणी हिसकावून नेला असेल तर तो ‘गहाळ’ झाला असे लिहिले जाऊ देऊ नये. हरवणे आणि चोरी यांत तपासाच्या आणि विम्याच्याही दृष्टीने मोठे अंतर आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य आणि लगेच मिळाली पाहिजे, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नये. तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे, हेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसते.

आईवडिलांना पोलिसांकडून बोलावणे आले की घरातले सगळे घाबरतात. संहितेच्या कलम १७९ नुसार स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी राहत्या घराखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. त्यांची स्वतःची ठाण्यात येण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. हे अधिकाऱ्यांना शांतपणे सांगितले तर सहसा वाद होत नाही.

हरवलेल्या माणसाबद्दल एक घातक गैरसमज पक्का बसला आहे, तो म्हणजे २४ तास थांबल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. असा कोणताही नियम नाही. रामकुंडावर पर्वणीच्या किंवा अमावस्येच्या गर्दीत आजी दिसेनाशी झाली तर पहिल्या पंधरा मिनिटांतच सर्वांत जवळच्या पोलिसाला सांगावे आणि मोबाइलमधला तिचा अलीकडचा फोटो दाखवावा. त्या दिवशी नेसलेल्या लुगड्याचा रंग सांगावा. मूल १८ वर्षांखालचे असेल तर अपहरणाचा गुन्हा म्हणूनच नोंद होते. २०२७ च्या सिंहस्थात या गोष्टीचे महत्त्व किती वाढणार आहे, हे नाशिककराला वेगळे सांगायला नको. लहान मुलांच्या आणि विसराळू ज्येष्ठांच्या खिशात दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी घालण्याची सवय आतापासूनच लावावी.

मोबाइल हरवला वा चोरीला गेला तर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, घेऊन केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो बंद करता येतो. त्यासाठी ओटीपी यावा म्हणून जुन्याच क्रमांकाचे नवे सिम आधी घ्यावे लागते. आयएमईआय क्रमांक फोन हातात असतानाच *#०६# दाबून पाहावा आणि वहीत लिहून ठेवावा.

पैसे गेले असतील तर

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला वीजजोडणी तोडण्याची भीती घालणारा फोन आला आणि खात्यातून चाळीस हजार रुपये गेले. काकू दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाठकोऱ्या कागदाचा चिटोरा होता आणि त्यावर बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक त्यांनी जसाच्या तसा उतरवून आणला होता. अक्षर थरथरलेले होते, पण आकडे अचूक होते. आम्ही आधी सायबर फसवणुकीसाठीची १९३० ही हेल्पलाइन लावली, मग बँकेला कळवून खाते गोठवले, आणि त्यानंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरली. रकमेचा मोठा भाग पुढच्या खात्यात अडवला गेला, तो केवळ तासाभराच्या आत कळवल्यामुळे. १९३० वर दिलेल्या माहितीवरून पैसा ज्या खात्यांतून पुढे सरकतो तेथेच तो रोखण्याचा प्रयत्न होतो, म्हणून येथे मिनिटे मोजावी लागतात.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना, त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीची माहिती तीन कामकाजी दिवसांत बँकेला दिली तर ग्राहकावर नुकसान येत नाही. ओटीपी सांगण्याची चूक ग्राहकाचीच असली तरीदेखील, बँकेला कळवल्यानंतर जे आणखी पैसे जातील ते नुकसान बँकेचे असते. तेव्हा लाजेने गप्प राहू नये. आणि व्हिडिओ कॉलवर कोणी ‘डिजिटल अरेस्ट’ची भाषा केली तर फोन बंद करावा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही.

महापालिकेचे काम महापालिकेला

नाशिक महानगरपालिकेचे मुख्यालय शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनात आहे, पण रोजची कामे सहा विभागीय कार्यालयांतून चालतात: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सातपूर आणि नवीन नाशिक. आपला विभाग घरपट्टीच्या बिलावरून कळतो. देवळाली कॅम्पची व्यवस्था छावणी परिषदेकडे आणि भगूरची तेथील नगरपरिषदेकडे आहे, त्यामुळे तेथल्या कचऱ्याची तक्रार राजीव गांधी भवनात देऊन उपयोग नाही.

महापालिकेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार करताना एका तक्रारीत एकच विषय लिहावा. ‘रस्ता, दिवे, कचरा, कुत्री सगळेच वाईट’ असे लिहिले की ती तक्रार कोणत्याच खात्याची राहत नाही. चेंबर ओसंडत असेल तर जवळून एक आणि दुरून, शेजारची पाटी दिसेल असा एक, असे दोन फोटो द्यावेत. तक्रार क्रमांक जपावा. काम न होता तक्रार ‘निकाली’ दाखवली गेली तर ती पुन्हा उघडावी आणि विभागीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. गढूळ पाण्याची तक्रार मात्र ॲपवर टाकून थांबू नये. ड्रेनेज आणि पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या एकत्र झाल्या असण्याची शक्यता असते, म्हणून पाणीपुरवठा विभागाला त्याच सकाळी समक्ष सांगावे, बाटलीत पाणी भरून न्यावे आणि सर्व घरांना पाणी उकळून पिण्यास सांगावे.

काही विषय दोन्हीकडचे असतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. सणांच्या मोजक्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. इतर वेळी दहानंतर डीजे चालू असेल तर तो पोलिसांचा विषय, ११२ वर सांगावे. फुटपाथवरचे अतिक्रमण महापालिकेचे, फाटकासमोर कोणी लावलेली गाडी वाहतूक पोलिसांची. संक्रांतीच्या आधी कोठे नायलॉन मांजा विकला जाताना दिसला तर पोलिसांना कळवावे. त्यावर बंदी आहे आणि दुचाकीस्वारांचे गळे त्यानेच कापले जातात, त्यामुळे ही तक्रार मी कधीच किरकोळ मानत नाही.

पूर आणि बिबट्या

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर पाणी चढते आणि दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले यावरून नाशिककर पूर मोजतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी किती झपाट्याने शिरते हे ठाऊक आहे. विसर्गाची सूचना आली की घाटावरची वाहने आणि टपऱ्या तेव्हाच हलवाव्यात, पाणी पायरी चढण्याची वाट पाहू नये. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. कोणी पाण्यात अडकले असेल तर १०१ आणि ११२. नासर्डी आणि वालदेवीच्या काठच्या वस्त्यांनीही हेच लक्षात ठेवावे.

बिबट्या शहरात शिरण्याचे प्रसंग आपल्याकडे नवे नाहीत. तो दिसला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन लावावी आणि ११२ वरही कळवावे. वनविभाग त्याला पकडण्याचे काम करतो, पोलीस गर्दी आवरतात. बिबट्या बहुतेक वेळा बिथरतो तो माणसांच्या कोंडाळ्यामुळे. दारे-खिडक्या लावून घरात थांबावे, मुलांना आणि पाळीव कुत्र्यांना आत घ्यावे, ठिकाणाचा व्हिडिओ गटागटांत पाठवून बघ्यांची गर्दी वाढवू नये.

दाद लागली नाही तर

ठाणे अंमलदारांनी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार घेतली नाही तर त्याच ठाण्यातील वरिष्ठ निरीक्षकांना भेटावे. बहुतेक प्रकरणे येथेच मार्गी लागतात. तेथेही झाले नाही तर तक्रारीचा मजकूर लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवावा, शहरात पोलीस उपायुक्त किंवा आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमात हीच वाट दिलेली आहे, आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती त्याच्या प्रतीला टाचून ठेवावी. महापालिकेच्या बाबतीत राज्य शासनाचे ‘आपले सरकार’ पोर्टल आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन हे दोन मार्ग आहेत. कोठेही अर्ज समक्ष दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याखेरीज खिडकीपासून हलू नये. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर त्याची माहिती मिळते.